आठाचा तीन

मोबाइल वाजला तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर
'रामपुरुष' नावाच्या होडीवरचा
पोटफोड्या ष रंगवत होतो.
ष अर्धा टाकून कुणी मेसेज वाचू नये.
मी वाचला.

कसाल तिठा, मंगळवार, सकाळी नऊ बावीस.
हेल्मेट नाही. पाचशे रुपये.
सोबत फोटो: राखाडी स्कूटर, पाठमोरा माणूस,
मागे दोरीने आवळलेला थर्माकोलचा खोका,
खोक्यातून रस्त्यावर पाण्याची धार.
नंबर माझा. चार सहा दोन तीन.

मंगळवारी नऊ बावीसला मी
आत्माराम खवळ्याच्या शेडमध्ये चहा पीत होतो.
साक्षीदार तीन, चौथा कुत्रा.

मुलगी म्हणाली, तक्रार करा बाबा,
ऑनलाइन होते, पंधरा दिवसांची मुदत,
आपल्या गाडीचा फोटो जोडा, झालं.
कुबल गुरुजी म्हणाले, भरून टाक,
ओरोसच्या कोर्टात तारीख लागली तर
दोन दिवसांची मजुरी, एसटी, वर उसळ-पाव.
त्यापेक्षा पाचशे स्वस्त.
दोघंही बरोबर. म्हणून झोप येईना.

रात्री फोटो बोटांनी ताणला,
मोठा केला, अजून मोठा,
तीनाजवळ आलो आणि थांबलो.
हा तीन नव्हे.
वरचं डोकं लहान, खालचं पोट सुटलेलं,
कमरेपाशी ब्रश किंचित उचललेला,
असा आठ या तालुक्यात एकटा मी काढतो.
आठ एका दमात काढायचा असतो,
मध्ये श्वास घेतला की कंबर जाड होते.
डावी बाजू खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली.
चार सहा दोन आठ.
इनास.

एकाच पाडव्याला आम्ही कुडाळहून गाड्या आणल्या,
एका रंगाच्या, पाच नंबरांच्या अंतराने.
कारखान्याच्या प्लेटी तेव्हा आल्या नव्हत्या,
नंबराला माणूस लागायचा.
त्याची प्लेट मी केली. ऐंशी रुपये.
"सीझन झाल्यार देतंय," म्हणाला.
सात सीझन झाले.
मी मागितले नाहीत कधी.
पण खरं सांगायचं तर
(हे तक्रारीत लिहिणार नाही)
उधारी ऐकली आणि मी डबा बदलला होता.
चांगला रंग माझ्या प्लेटीला,
त्याला होडीचा उरलेला, रॉकेल घालून पातळ केलेला.

तक्रारीच्या पानावर कारणं दिलेली आहेत, एक निवडायचं:
गाडी माझी नाही. गाडी विकली. नंबर चुकीचा वाचला.
वाचणाऱ्याने बरोबर वाचलं हो.
लिहिणारा मी.
आणि जोडायच्या फोटोत माझीही प्लेट हाताचीच,
म्हणजे एक दंड मिटवायला
दुसरा आपणहून नेऊन द्यायचा.

सकाळी जेटीवर त्याची स्कूटर उभी होती.
उकिडवा बसलो. चार नंबरचा ब्रश, चांगला डबा.
इनास बर्फाची पाटी घेऊन आला, बघत राहिला.
"रे, आज फुकट कित्याक?"
मी बोललो नाही. दम धरला होता.
आठ मिटला.
मग सांगितलं पाचशेचं.
तो हसला, मग हसायचा थांबला,
खिशात हात घातला, ओली दोनशेची नोट निघाली.
"उरलेले सीझन झाल्यार."
डब्याचं मात्र मी सांगितलं नाही.

मुदत अजून नऊ दिवस आहे.
मुलगी रोज जेवताना विचारते.
नोट तारेवर वाळत घातलीय, चिमट्याने.
यातले ऐंशी जुने,
दंडापोटी एकशेवीस.
रॉकेलचे किती वजा करायचे
ते ठरेना.